माशांची पंगत

एकादशीला सर्जेरावांच्या तळ्यातल्या माशांनाही उपास असे.

उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट सढळ हातानं, जोडीला उकडलेली रताळी, आणि वरून राजगिऱ्याचे लाडू चुरून. इतर दिवशी मासे जेवढं खात त्याच्या दुप्पट ते एकादशीला खात. घरात हे कुणाला वावगं वाटत नसे, कारण घरातली माणसंही तेच करत.

निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूर यायच्या आधी, डाळिंबाच्या बागेसाठी खोदलेलं हे शेततळं. चार वर्षांपूर्वी इंदापूरच्या मासळीबाजारातले अमीरभाई, नुसतं पाणी कशाला तापवत ठेवता आबा, असं म्हणाले आणि त्यांनी त्यात दोन हजार बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. कटला, राहू, मृगळ. वर्षभरानं किलोची होतील, मग जाळं लावू, असा बेत होता. अमीरभाईंच्या ध्यानात एकच गोष्ट आली नव्हती. सर्जेराव माळकरी होते. मासा खाणं तर लांबच, ज्याला आपल्या हातानं घास दिला त्याला जाळ्यात धरून द्यायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. दर उन्हाळ्यात अमीरभाई जाळं घेऊन येत, पोटभर जेवत, आणि कोरडं जाळं पुन्हा टेम्पोत टाकून परत जात. चार वर्षांत अमीरभाईंच्या दोन पँट घट्ट झाल्या. मासे तळ्यातच राहिले.

आणि तळ्यात राहिले म्हणजे जेवणार. सर्जेरावांनी वालचंदनगरला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तेहतीस वर्षं वाढप्याचं काम केलं होतं. शेवटची सहा वर्षं ते सुपरवायझर होते, पण खांद्यावरचा पंचा आणि हातातली बादली तेव्हाही सुटली नव्हती. निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी कॅन्टीनची जुनी पितळी घंटा त्यांना भेट दिली. ती त्यांनी तळ्याच्या बांधावरच्या कडुलिंबाला टांगली. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला घंटा वाजे. घंटा वाजली की अख्खं तळं लिंबाखाली गोळा होई. तळ्याच्या उताराला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर पाय ठरत नाही. म्हणून आबांनी लिंबाच्या बुंध्याला दोर बांधला होता आणि दोराच्या टोकाशी वाळूची पोती रचून पायरी केली होती. एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात बादली धरून ते पाण्यापर्यंत उतरत आणि माशांना वाढत. शिळ्या पोळ्या, लग्नाघरची उरलेली जिलेबी, संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला श्रीखंड. गावात लग्न लागलं की आचारी उरलेलं आपण होऊन आबांकडे पाठवत.

त्यांची लेक सुकन्या बारामतीला एका प्रयोगशाळेत होती. माशांना कोणतं खाद्य दिलं की ते किती वाढतात, आणि ऊन, गर्दी, कमी पाणी असल्या ताणात तेच खाद्य त्यांच्या यकृताचं काय करतं, हा तिचा विषय. सहा वर्षं ती रोज मासे कापत होती. माळकऱ्याच्या घरात या कामाला 'प्रयोग' म्हणत आणि त्यापलीकडे कुणी चौकशी करत नसे. आबांनी एकदाच विचारलं होतं, त्या माशांना तिथं खायला काय देता. सुकन्यानं ग्रॅममध्ये सांगितलं. आबा उठून आत गेले आणि बायकोला, मुक्ताबाईंना म्हणाले, पोरीला डबा जरा मोठा दे.

त्या रविवारी वैशाखातली एकादशी होती. ऊन असं की डाळिंबाची पानं दुपारीच गुंडाळली होती, कालव्याचं आवर्तन लांबलं होतं आणि तळं अर्ध्याच्या खाली गेलं होतं. सुकन्या सकाळच्या एसटीनं आली तेव्हा आबांनी तिच्यासमोर एक स्टीलचा डबा ठेवला. आत बर्फात एक कटला होता. पहाटे मेलेला. आपण होऊन मेलेला आहे, तेव्हा याला कापायला माझी ना नाही, म्हणाले. याला काय झालं होतं तेवढं बघून सांग. मुक्ताबाईंनी आतूनच बजावलं की तो डबा आता बारामतीलाच ठेवून घे, परत घरात आणू नकोस.

जेवायला बसल्यावर सुकन्या वाढत होती. वाढायचं कसं, हे तिला आबांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं. पाहुणा पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरतो, तो लाजेचा. दुसऱ्यांदा धरतो, तो शिस्तीचा. एका हातावर कधी माघारी फिरायचं नाही. माणूस दोन्ही हात आडवे धरून ताटावर वाकला, तरच समजायचं की याचं पोट खरंच भरलं. जो वाढपी एका हातावर फिरतो त्याला आबा कॅन्टीनमध्ये दुसऱ्या दिवशी भांडी घासायला लावत.

आबांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळसर झाला होता. सुकन्याला तो पाडव्यापासून दिसत होता. पायावर चपलेच्या पट्ट्याचा खळगा पडत होता आणि बराच वेळ भरत नव्हता. ते सारखे दंड खाजवत. ती चिक्कार वाचणारी मुलगी होती. खोलीत पुस्तकांना जागा पुरेना म्हणून निम्मी खाटेखाली होती. शब्दांची तिला वाण नव्हती. पण आबांच्या ताटाबद्दल बोलायचं एक वाक्य या घरात कुणी कधी उच्चारलेलं नव्हतं, आणि जे वाक्य कधी ऐकलेलंच नाही त्याची सुरुवात कुठून करायची हे तिला सुचत नव्हतं. म्हणून तिनं माशांपासून सुरुवात केली.

खाणं निम्म्यावर आणा, ती म्हणाली. दिवसातून एकदाच द्या. गोड बंद, साबुदाणा बंद. या उन्हात दिलेलं अंगी लागत नाही, यकृतात चरबी होऊन साठतं. वरून गुबगुबीत दिसतं आणि आतून काम थांबत जातं. वेळीच कमी केलं तर सुधारतं. सुधारताना मी पाहिलंय. हे सगळं बोलताना ती खिचडीच्या पातेल्याकडे बघत होती.

आबांचा हात ताटात थांबला.

"ह्ये माशांचं सांगतीस," त्यांनी विचारलं, "का माझं?"

आत मुक्ताबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. बाहेर लिंबावरची घंटा वाऱ्यानं थोडी हलली, पण वाजली नाही.

"माशांचं," सुकन्या म्हणाली.

"मग हुईल. आज एकादस हाय, उद्यापासनं पथ्य," आबा म्हणाले आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

एकच हात. तिनं त्यांना आणखी दोन डाव खिचडी वाढली.

सोमवारी तिनं कटला कापला. चार वर्षांचा मासा, सहा किलोचा तरी हवा होता. भरला सव्वा किलो. डोकं मोठ्याचं, अंग लहानाचं, आणि पोट दोघांनाही न शोभणारं. माशांच्या या जातीत यकृत एका जागी गोळा नसतं, आतड्याच्या वळणावळणात पसरलेलं असतं. इथं वळणं शोधावी लागली; सगळीकडे पिवळी चरबी. यकृत तपकिरी तांबूस हवं, ते ओल्या चिकणमातीच्या रंगाचं होतं आणि चिमट्याला तेलकट लागत होतं. तिनं त्याचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला. निरोगी तुकडा बुडतो. हा तरंगला.

तिनं अहवाल लिहायला घेतला, आणि आबांना वाचता यावा म्हणून मराठीत लिहिला. वर तळ्याच्या मालकाचं नाव, सर्जेराव. खाली पंधरा ओळी. शेवटची ओळ अशी: 'हे आजही आटोक्यात येण्यासारखं आहे, पण आजपासूनच आवरायला हवं.' कागद छापून तिनं पिशवीत ठेवला आणि तेवढ्यात धाकट्या भावाचा, युवराजचा फोन आला. तो लोणी देवकरच्या कारखान्यातून कामावरूनच निघाला होता. आबांना रक्ताची उलटी झाली होती.

बारामतीच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बऱ्याच वर्षांपासून निकामी होत आलंय, गळ्याखालची शीर फुटली. मग त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं, किती वर्षं घेत होते. मुक्ताबाईंनी विचारलं, काय. डॉक्टर म्हणाले, दारू. मुक्ताबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी उचलून दाखवली. डॉक्टर ओशाळले, म्हणाले न पिताही होतं, हल्ली फार बघतो. बुधवारी सकाळी आबा गेले.

या प्रश्नानं सगळ्यात जास्त दुखावले रतनतात्या. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. तीस वर्षं नेमानं पिणारे. आयुष्यभर त्यांना आबांचा दाखला देऊन बोलणी खावी लागली होती. आता लिवर खराब होऊन आबा गेले आणि तात्या खांदा द्यायला उभे, हा उलटा न्याय त्यांना पेलवेना. दुसऱ्याच दिवशी ते इंदापूरला जाऊन रक्त तपासून आले. सगळं ठणठणीत निघालं. तो कागद घडी करून ते खिशात बाळगायला लागले आणि भेटायला आलेल्यांना शरमिंद्या चेहऱ्यानं दाखवायला लागले. बघा, म्हणत, माझी काय चूक हाय ह्यात.

सावडायच्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलेली माणसं धावतच परत आली. सगळे मासे वर आले होते. शेकड्यानं माशांनी तोंडं पाण्याबाहेर काढली होती, उघडत होती, मिटत होती. बांधावर हा हा म्हणता गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, घंटेची वाट बघत्यात. दुसरं कुणी म्हणालं, आबांना शोधत्यात. आणि मोरगावहून आलेल्या आत्यानं, आबांच्या थोरल्या बहिणीनं, बराच वेळ निरखून बघितल्यावर सांगितलं की ते इट्टल इट्टल म्हणत्यात. तसं सांगितल्यावर सगळ्यांना ते तसंच दिसायला लागलं. माणसांनी हात जोडले.

सुकन्यालाही ते दिसत होतं. पाणी उथळ आणि तापलेलं, तळाशी चार वर्षांचं उष्टं कुजत पडलेलं; पाण्यातली हवा पहाटेपर्यंत संपत होती आणि मासे वर येऊन श्वास घेत होते. त्यांच्या यकृतात ताण सोसायची ताकद उरली नव्हती. हे तिनं युवराजला बाजूला घेऊन सांगितलं. युवराज तीन दिवस झोपला नव्हता. ताई, म्हणाला, हे आत्ता बोलायची वेळ आहे का. तिलाही वाटलं, नसेल.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, पण सुतक असल्यामुळं दिलेलं घरात कुणी खाईना. तेव्हा येणारा माणूस ओसरीवर पाच मिनिटं बसे, मान हलवे, आणि हातातला पुडा घेऊन तळ्याकडे जाई. बिस्किटं, पाव, फरसाण, पेढे. वालचंदनगरचे निवृत्त सोबती टेम्पो करून आले ते बुंदीचं भांडं घेऊनच आले. घंटा आता तीनदा नाही, दर अर्ध्या तासानं वाजत होती. मासे वर होतेच, पण खात नव्हते. पेढे त्यांच्या डोक्यांमधून सावकाश खाली जात. ते पाहून लोकांना भडभडून येई. घास उतरत न्हाय त्यांच्या गळ्याखाली, म्हणत. आणि दुःखात माणूस जेवत नसला की काय करायचं ते या भागात प्रत्येकाला माहीत आहे. आग्रह करायचा.

आत्या दोर धरून पायरीवर उतरली आणि एका मोठ्या कटल्यासमोर बाजरीची भाकरी कुस्करून बसली. "खा बाबा," ती त्याला समजावत होती. "दोन घास तरी खा. त्यो गेला म्हून आपुन उपाशी मरायचं न्हाय." कटला तोंड उघडत होता, मिटत होता. तो आत्याचं ऐकतोय असं खरंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी चार मासे उलटे होऊन तरंगले, सहाव्या दिवशी अकरा. आबांच्या मागं गेले, असं ठरलं. त्यांना डाळिंबाखाली पुरलं आणि वर एकेक फूल ठेवलं. शेजारच्या वस्तीवरून टाळ घेऊन दोघंजण आले. मुक्ताबाई हे सगळं ओसरीवरून बघत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही सुकन्याला: तुला काही कळलं होतं का गं. सुकन्या म्हणाली होती, नाही.

अमीरभाईंना मात्र काही सांगावं लागलं नाही. ते आले, दारात चप्पल काढली, मुक्ताबाईंसमोर बसून डोळे पुसले आणि तळ्यावर जाऊन पाण्याचा वास घेतला. परत येऊन सुकन्याजवळ हळूच म्हणाले, "ताई, भूक न्हाय ही. दम कोंडलाय त्यांचा. निम्मे आज काढू, तर निम्मे जगतील." पण हे बोलणाऱ्याचा टेम्पो दारात उभा होता आणि टेम्पोत जाळं होतं. रतनतात्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, प्रेत घरातनं निघून आठवडा झाला न्हाय, आन् ह्यो जाळं घेऊन आला? अमीरभाई उठले. जाताना विहिरीवरच्या मोटारीचा पाइप त्यांनी तळ्यात सोडला, वरून फवारा उडेल असा बांधला, आणि वीज असेल तेव्हा चालवा म्हणाले. आत्यानं दुपारी तो बंद करवला. फवाऱ्यानं मासे बुजत होते, म्हणाली. माणसं जेवताना डोक्यावर पाणी कोण सोडतं.

दहाव्याला सगळे नीरा नरसिंगपूरच्या संगमावर गेले. सुकन्यानं या दिवसाची मनातून वाट पाहिली होती. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण रीत तिला माहीत होती. कावळा पिंडाला शिवला नाही की गेलेल्याचं काय राहिलं ते शोधत माणसं एकेक गोष्ट मोठ्यानं बोलतात. कावळा अडून बसला की नाइलाज म्हणून का होईना आपल्याला तोंड उघडावं लागेल, असा तिचा हिशेब होता. पिंड पानावर ठेवून युवराजनं हात मागं घेतला न घेतला तोच कावळा आला आणि अर्धा पिंड घेऊन गेला. दुसरा कावळा उरलेला घेऊन गेला. सगळ्यांनी समाधानानं एकमेकांकडे पाहिलं. आबांचं काय राहिलेलं न्हाय, रतनतात्या म्हणाले, भरल्या पोटी गेला माणूस. सुकन्या पाण्याकडे बघत उभी राहिली. तिचं वाक्य तिच्यापाशीच राहिलं.

तेराव्याचं जेवण गोडाचं. ओसरीवर बसून बेत ठरला. पाहुण्यांना लापशी, बुंदी, भात, आमटी. आणि माशांना? तेरा दिवस त्यांनीही सुतक पाळलं, तेव्हा त्यांचंही तोंड गोड व्हायला हवं, हे कुणाला सुचलं ते नंतर कुणाला आठवेना, पण सुचताच सगळ्यांना पटलं. कॅन्टीनचे आठ वाढपी वालचंदनगरहून येणार होते. त्यांचा म्होरक्या माऊली, आबांच्या हाताखाली घडलेला. पांढऱ्या टोप्या घालून आठ बादल्या घेऊन ते बांधावर ओळीनं उतरणार, घंटा वाजणार, आणि आबांच्या मासळीची पहिली पंगत बसणार. पाहुण्यांची त्यानंतर.

तेराव्याच्या सकाळी सुकन्या तळ्यावर गेली. मासे वर होते. आता त्यांची तोंडं नुसती उघडीच होती, मिटायला वेळ लागत होता. पाण्यावर हिरवी साय धरली होती. तिनं मनाशी हिशेब केला. आठ बादल्या गोड, या उन्हात, या पाण्यात. उद्या उजाडता उजाडता तळ्यात एकही जिवंत राहणार नाही. आबांनी चार वर्षं ज्यांना जाळ्यापासून राखलं ते सगळे. आणि ते होताना तिला दिसत असेल, जसं पाडव्यापासून दिसत होतं.

ती घरी आली, पिशवीतला अहवाल काढला आणि रतनतात्यांच्या हातात दिला. तात्यांनी चष्मा लावला. मालकाचं नाव सर्जेराव. वाढ खुंटलेली. पोटात चरबी. यकृत फिकट, तेलकट. अति खाणं, उन्हाचा ताण. आजपासूनच आवरायला हवं. वाचता वाचता तात्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी चष्मा काढला आणि कधी नव्हे ते हलक्या आवाजात बोलले.

"पोरी, ह्ये आबाचं हाय का माशांचं?"

ओसरीवर मुक्ताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला.

उत्तर द्यायच्या आधीच सुकन्याच्या लक्षात आलं की ती पुन्हा तेच म्हणणार आहे.

"माशांचं," ती म्हणाली.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या रिपोर्टशेजारी खिशात ठेवली. मग हुईल की, म्हणाले. आज तेरावा हाय. आज त्यांचं गोड हुं दे, उद्यापासनं पथ्य.

अकरा वाजता माऊली आणि त्यांची माणसं आली. टोप्या, पंचे, बादल्या, लांब दांड्याचे डाव. तीस वर्षांच्या सरावानं आठजण बांधावर एका अंतरावर उभे राहिले. मागं दोन-अडीचशे पाहुणे. आत्यानं बांधावर रांगोळी काढली होती आणि उदबत्त्या लावल्या होत्या. युवराज लिंबापाशी घंटेची दोरी धरून उभा होता. अमीरभाई लांब, टेम्पोपाशी, टोपी हातात घेऊन. घंटा वाजली. मासे आधीच वर होते. त्यांना यायला दुसरी जागाच नव्हती. पण घंटेच्या सवयीनं त्यांनी लिंबाकडे तोंडं वळवली, आणि ते बघून बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

माऊली बादली घेऊन दोराशी आले. सुकन्या मध्ये उभी राहिली आणि तिनं पाण्याच्या दिशेनं हात आडवा धरला.

माऊली प्रेमानं हसले. ताई, हात काढा, म्हणाले. एक घास आबांच्या नावाचा.

तिनं हात काढला नाही. माऊलींनी डाव भरला आणि तिच्या हाताला वळसा घालून पुढं झाले. एका हातावर फिरायचं नाही, हे त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांचंच आज तेरावं होतं.

तेव्हा सुकन्यानं दोर धरला आणि ती खाली उतरली. पायरीवरची वाळूची पोती शेवाळली होती. तिचा पाय घसरला, काळ्या कागदावरून ती थेट पाण्यात गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. वर आत्या ओरडली. युवराजच्या हातून दोरी सुटली, घंटा आणखी दोनदा आपोआप वाजून थांबली. पाणी कोमट होतं, गोडसर कुजलेल्या वासाचं. मासे बुजले नाहीत. तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. ते तिच्या कमरेला, कोपराला टेकून उभे राहिले, तोंडं वर करून.

तिनं दोन्ही हात पाण्यावर आडवे धरले आणि ती वाकली. पाण्यापासून तिचं कपाळ वीतभर राहिलं.

माऊलींचा डाव हवेत थांबला. बांधावरच्या आठही वाढप्यांना ती खूण कळली. तेहतीस वर्षांत ती पाहून कुणी पुढं वाढलेलं नव्हतं. माऊलींनी डाव बादलीत परत सोडला आणि बादली जमिनीवर ठेवली. मग एकेक करत बाकीच्या सात बादल्याही खाली ठेवल्याचा आवाज आला. रतनतात्या काहीतरी विचारायला पुढं आले, पण मुक्ताबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्या ओसरीवरून उठून बांधावर कधी आल्या होत्या ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या लेकीकडे बघत होत्या.

सुकन्या वाकलेलीच होती. तिच्या तोंडासमोर आत्याचा तो मोठा कटला होता. तोंड उघडत होता, मिटत होता. ती बोलली ती पाण्याकडे बघून, पण मोठ्यानं. मागच्या रांगेतल्या माणसालाही ते ऐकू गेलं.

"बास करा, आबा," ती म्हणाली. "पाडव्यापासनं तुमचं डोळं पिवळं दिसत व्हतं मला. मी रोज त्येच बघती. मला कळलं व्हतं, आई. आन् तरी मी वाढत ऱ्हायले. तुमी इचारलं व्हतं, माशांचं सांगतीस का माझं. मी खोटं बोलले. माशांचं नव्हतं, आबा. तुमचं व्हतं."